साताऱ्याहून आलेली वस्त्रे

मे १७७४ मध्ये पुरंदर किल्ल्यावर चाळीस दिवसांच्या एका बाळाला पेशवाईची वस्त्रे झाली. बाळाचे वडील नारायणराव पेशवे आदल्या वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले होते. आई गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. पोटातल्या जिवाला धोका होऊ नये म्हणून कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर आणून ठेवले. १८ एप्रिलला मुलगा झाला, आणि सव्वा महिन्यात साताऱ्याहून त्याच्यासाठी पागोटे, जामा, शेला, शिक्का आणि कट्यार आली. जामा त्या बाळाच्या अंगाला कुठला बसायला! पण तो अंगात घालण्यासाठी आलाच नव्हता. तो आला, की त्या दिवसापासून पाळण्यातले मूल मराठी राज्याचे मुख्य प्रधान झाले. अटक ओलांडलेल्या, दिल्लीच्या तख्तावर कुणी बसावे हे ठरवणाऱ्या राज्याचे!

वस्त्रे पाठवणारे रामराजे छत्रपती मात्र साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत होते. त्यांच्याकडे फौज नव्हती, खजिना नव्हता, आणि पुण्याच्या मर्जीवाचून त्यांना फारसे काही करता येत नव्हते. तरीही हे कापड आल्याखेरीज पुण्याच्या गादीवर कुणाला बसता येत नसे. ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाच्या होकारावाचून, ज्यांच्या हाती सगळे आहे त्यांचे का अडावे? मराठ्यांचा अठराव्या शतकाचा इतिहास मी जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा लढायांच्या वर्णनांपेक्षा हाच प्रश्न मला अधिक खिळवून ठेवतो.

ही वहिवाट रायगडावरून सुरू होते. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांनी स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा त्यांच्याकडे किल्ले होते, आरमार होते, मुलूख होता. अफझलखान आणि शाहिस्तेखान या प्रकरणांनंतर त्यांच्या सामर्थ्याविषयी कुणाला शंका उरली नव्हती. पण विजापूरच्या आणि दिल्लीच्या लेखी ते जहागीरदाराचे बंडखोर चिरंजीव होते. ज्याच्या सनदेवर गावच्या पाटलाने आणि देशमुखाने भरवसा ठेवायचा, तो राजा आहे हे सर्वांसमक्ष ठरावे लागते. काशीच्या गागाभट्टांना बोलावून, नवा शक सुरू करून, आठ प्रधान सिंहासनाभोवती उभे करून महाराजांनी ते ठरवले. तलवारीने राज्य मिळाले होतेच. ते आपले म्हणून चालवण्याचा हक्क त्या दिवशी उभा राहिला. त्या आठांतला मुख्य प्रधान म्हणजे पेशवा. तो छत्रपतींचा चाकर होता आणि त्याचे पद वंशपरंपरेचे नव्हते.

पुढे तेहतीस वर्षांनी औरंगजेब वारल्यावर शिवाजी महाराजांचे नातू शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांच्या चुलती ताराबाईंनी जाहीर केले की हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे. लहानपणी कैदेत गेलेल्या आणि अठरा वर्षांनी परतलेल्या माणसाला ओळखायचे कसे? परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले आणि त्यावरून सरदारांची खात्री पटली, असे सांगतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शिक्का, सनद, वंशावळ या सगळ्यांच्या आधी कुणीतरी मानाचा माणूस ताटाला ताट नव्हे, तर एकाच ताटात बसतो आणि मग बाकीचे मान तुकवतात. खेडच्या लढाईत जय मिळवून १७०८ च्या जानेवारीत शाहूंनी साताऱ्यात राज्याभिषेक करवला.

या शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली आणि १७२० मध्ये त्यांच्या विशीतल्या मुलाला, बाजीरावांना, तीच वस्त्रे दिली. इथून पेशवेपद एका घरात राहिले. पण वस्त्रे देण्याचा अधिकार साताऱ्याचा, हे बाजीरावांसारखा पराक्रमी पुरुषही कधी विसरला नाही. शाहू स्वतः रणांगणावर फारसे गेले नाहीत. भांडणाऱ्या सरदारांत समेट घडवणे, एकाच्या मुलखात दुसऱ्याने हात घालू नये म्हणून पत्रे पाठवणे, रुसलेल्याची समजूत काढणे यांत त्यांचे आयुष्य गेले, आणि त्यांचा शब्द सरदार मानत. दाभाड्यांची फौज बाजीरावांनी डभईला मोडली, तेव्हा उमाबाई दाभाड्यांचे सांत्वन करायला महाराज होते. दरबारात एक वडीलधारे माणूस होते, आणि गाऱ्हाणे घेऊन जायला एक उंबरठा होता.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून रामराजांना पुढे केले आणि त्यांना गादी मिळाली. पण तो आपल्या मुठीत राहात नाही, पेशव्यांकडे झुकतो, असे दिसताच नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याच नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. त्याच्या आधी सांगोल्याला राज्यकारभाराचे सारे अधिकार रामराजांनी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे यांच्या स्वाधीन केलेच होते. मग सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि नानासाहेब यांनी एकमेकांशी सलोख्याची शपथ घेतली. त्याच वेळी ताराबाईंनी देवासमोर सांगितले की रामराजा माझा नातू नव्हेच, तो तोतया आहे.

खंडोबासमोर घेतलेली शपथ मराठी माणूस हलक्यात घेत नाही. जिने त्याला नातू म्हणून पुढे आणले तिनेच तो आपला नव्हे असे सांगितले. मग पेशव्यांनी काय केले? काहीच बदलले नाही. पुढची पंचवीस वर्षे, १७७७ मध्ये रामराजे वारेपर्यंत, पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी राजाराम नरपती म्हणजे रामराजांचे नाव राहिले, त्यानंतर पेशव्याचे, आणि शेवटी शब्द होता प्रधान. माधवरावांसारख्या करारी पेशव्याच्या पत्रांवरही हाच शिक्का उमटला. माधवरावांनी रामराजांना किल्ल्यावरून उतरवून साताऱ्यात राहू दिले, थोडी मोकळीक दिली. पण राज्य मागे दिले नाही, आणि शिक्क्यावरचे नावही पुसले नाही. ते नाव पुसले असते, तर गायकवाड, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांनी पुण्याचा हुकूम कोणत्या नात्याने मानायचा? शाहूंच्या चाकरीत हे सगळे सरदार पेशव्यांचे धाकटे किंवा बरोबरीचे भाऊ होते. पुण्याची सत्ता उभी होती ती आम्ही छत्रपतींच्या वतीने बोलतो, या एका वाक्यावर. ते वाक्य खरे मानायला सगळे तयार होते, कारण त्याखेरीज त्यांना एकत्र बांधणारे दुसरे काही नव्हते.

विल्यम हेन्री टोन नावाचा एक आयरिश लष्करी माणूस त्या शतकाच्या शेवटी मराठ्यांच्या चाकरीत होता. त्याने लिहून ठेवले आहे की साताऱ्याच्या हद्दीत फौजांची लूटमार होत नसे. कुणीही सरदार त्या हद्दीत शिरला, की राजेपणाची सारी चिन्हे बाजूला ठेवी आणि नगारा थांबे. हा नगारा मला नेहमी ऐकू येतो, म्हणजे त्याचे थांबणे ऐकू येते. कोसभर दुरून ज्याचा आवाज यायचा, तो मोठा नगारा एका अदृश्य रेषेवर गप्प होतो. समोर तोफा नाहीत, पहारा नाही, फक्त अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे ते गाव.

तरीही वस्त्रे पुरेशी असत असे नव्हे, आणि हेच नारायणरावांच्या खुनानंतर दिसले. नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांनी ऑक्टोबर १७७३ मध्ये साताऱ्याहून वस्त्रे मिळवली. रीत पाळली गेली होती. गादी हाती होती, फौज हाती होती, शिक्का-कट्यार आली होती. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे चौकशी करत राहिले आणि खुनाचा धागा दादांपर्यंत नेऊन थांबले. पुतण्याच्या खुनाला प्रायश्चित्त कोणते, असे विचारल्यावर देहान्ताखेरीज दुसरे नाही, असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितले. तुम्ही राज्यावर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. इतिहासकार ग्रँट डफने ही गोष्ट नोंदवली आणि महाराष्ट्राने ती घरोघर जपली.

शास्त्रीबुवांकडे दादांना गादीवरून उतरवायचा अधिकार नव्हता. त्यांच्याकडे होते ते फक्त उठून जाणे. पण न्यायासनावरचा माणूस उठून गेला, तेव्हा साताऱ्याहून आलेल्या कापडातले सत्त्वच निघून गेले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा कारभाऱ्यांची बारभाई उभी राहिली. मार्च १७७४ मध्ये कासेगावच्या लढाईत त्रिंबकराव पडले, तरी बारभाई मोडली नाही. पुरंदरावर मूल जन्मले, साताऱ्याने त्यालाही वस्त्रे दिली, आणि एकाच छत्रपतींच्या हातून गेलेल्या दोन वस्त्रांत लोकांनी दुसरी खरी मानली. बारभाईंचा जम बसल्यावर रामशास्त्री पुन्हा न्यायाधीश म्हणून आले. दादा मात्र सुरतेला इंग्रजांच्या दारात गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी तह करून फौज मागितली. आपल्या माणसांनी नाकारलेले पद परक्या फौजेच्या जोरावर मिळवायची ही पहिली खेप होती. ती तेव्हा फसली. पण वाट पडली.

साताऱ्याचे महत्त्व किती खोल रुजले होते, याची सर्वांत चांगली साक्ष १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात मिळाली. महादजी शिंदे बऱ्याच वर्षांनी उत्तरेतून परतले. सोबत बादशहा शाहआलमची फर्माने आणि पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक ही पदवी होती. बादशहाचे डोळे चार वर्षांपूर्वी गुलाम कादिरने काढले होते, आणि महादजींच्या फौजेखेरीज त्याला आधार नव्हता. नाना फडणिसांनी आक्षेप घेतला. पेशवा छत्रपतींचा प्रधान आहे, त्याने दिल्लीची पदवी कशी घ्यावी? तोड निघाली ती अशी, की साताऱ्याची परवानगी आणायची. एका अंध, पराधीन बादशहाने दिलेला मान अंगावर घेण्यासाठी दुसऱ्या पराधीन राजाची संमती घेतली गेली, आणि त्याशिवाय सवाई माधवरावांनी, म्हणजे पुरंदरावर जन्मलेल्या त्याच पेशव्यांनी, तो पोशाख घातला नाही. स्वतः महादजी त्या दरबारात सर्वांच्या खालच्या जागी बसले आणि त्यांनी पेशव्यांचे जोडे सांभाळले, अशी आख्यायिका आहे. हिंदुस्थानात त्यांच्याइतका बलवान दुसरा कुणी नव्हता, पण स्वतःला ते पाटील म्हणवून घेत.

सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून वारले, आणि त्यानंतरची दोन वर्षे वाचवत नाहीत. १७९६ मध्ये आधी चिमाजीअप्पांना वस्त्रे झाली, मग डिसेंबरात राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांना. वर्षभरात दोन पेशवे! वस्त्रे देणारा हात तोच, पण आता तो कुणीही धरून हलवावा असा झाला होता. रामराजांनंतर गादीवर आलेले दुसरे शाहू छत्रपती आणि त्यांचे भाऊ चतुरसिंग यांनी १७९८ मध्ये साताऱ्यात उठाव केला. तो मोडायला पुण्याने परशुरामभाऊ पटवर्धनांना पाठवले. ज्याच्या नावाने शिक्का चाले त्याच्यावरच फौज चालून गेली. चतुरसिंग निसटले, पुढे बरीच वर्षे झुंजले, आणि शेवटी कांगोरीच्या किल्ल्यात कैदेत मेले.

१८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजीरावांची आणि शिंद्यांची फौज उधळली. बाजीराव कोकणात पळाले. होळकरांनी बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांच्या मुलाला, विनायकरावांना, गादीवर बसवायचे ठरवले आणि रिवाजाप्रमाणे वस्त्रांची मागणी साताऱ्याकडे गेली. पुणे जिंकलेल्या सेनापतीलाही शेवटी तिकडेच वळावे लागले. बाजीराव मात्र वसईला गेले. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला, आणि पुढच्या मे महिन्यात इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात ते पुण्याच्या गादीवर परत आले. राघोबादादांची फसलेली खेप त्यांच्या मुलाने तडीस नेली. या दिवसापासून पेशवाईचा आधार साताऱ्याहून हलला आणि मुंबई-कलकत्त्याच्या कागदांवर गेला. मराठी राज्य १८१८ मध्ये बुडाले असे आपण म्हणतो. माझ्या मते ते वसईला बुडाले. पुढची पंधरा वर्षे फक्त हिशेब मिटायला लागली.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली आणि पुणे गेले. पळापळ सुरू झाली तेव्हा बाजीरावांनी छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई आणि भाऊ यांना आपल्या छावणीत घेतले. इतकी वर्षे ज्यांना विसरले होते त्यांची आठवण ऐन पडत्या काळात झाली, कारण छत्रपती ज्याच्याजवळ त्याचा पक्ष खरा, हे बाजीरावांनाही कळत होते आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यालाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या पलीकडे कोरेगावला लढाई चालली असताना बाजीराव आणि छत्रपती नदीच्या अलीकडे एका उंचवट्यावर बसले होते. छत्रपतींवर अबदागीर धरली होती. ग्रँट डफ सांगतो की इंग्रजांच्या तोफेचा गोळा तिच्या रोखाने येईल म्हणून पेशव्यांनी ती बाजूला ठेवायला लावली. रखरखत्या उन्हात छत्रपतींच्या डोक्यावरचे छत्र उतरले. ज्या छत्राच्या सावलीत बाजीरावांचे घराणे शंभर वर्षे मोठे झाले, तेच आता शत्रूला आपला ठावठिकाणा दाखवील, अशी त्यांना भीती होती. त्या दिवसाच्या साऱ्या हकिगतीत मला हीच एक गोष्ट सोडवत नाही.

एल्फिन्स्टनने साताऱ्याचे वजन बाजीरावांपेक्षा नीट ओळखले होते. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. आधी इंग्रजी निशाण चढले, मग ते उतरवून तिथे छत्रपतींचा भगवा झेंडा चढवला आणि तोफांची सलामी दिली. दुसऱ्या दिवशी जाहीरनामा निघाला की बाजीरावांचे राज्य काढून घेतले आहे आणि त्यातला काही मुलूख सातारच्या राजांना देऊन त्यांची गादी चालवली जाईल. लढाई संपायच्या आधीच पेशवाईचा पाया काढून घेतला गेला. आता पेशव्यांबरोबर राहायचे तर छत्रपतींच्या नावाने राहता येत नव्हते. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले आणि प्रतापसिंह इंग्रजांकडे आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन बिठूरला गेले.

प्रतापसिंह हे नावापुरते राजे निघाले नाहीत. त्यांनी शहर वसवले, रस्ते बांधले, यवतेश्वराच्या डोंगरावरून पाणी आणले, शाळा काढल्या. पण १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य कंपनीने दिलेले आहे, असे कागदावर लिहिले गेले होते. आपण शिवछत्रपतींचे वंशज म्हणून राजे आहोत, कंपनीच्या कृपेने नव्हे, असे ते मानत राहिले. भांडण तिथेच होते. सप्टेंबर १८३९ मध्ये राजद्रोहाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत करून काशीला नेले. त्यांचा वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेला आणि तिथे बारा-तेरा वर्षे दारोदार फिरून एकच गोष्ट सांगत राहिला, की सातारची गादी तुम्ही निर्माण केली नाही, म्हणून तुम्हाला ती काढून घेता येणार नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीत वारले. एप्रिल १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केला. कारण हेच दिले, की हे राज्य कंपनीने दिले होते आणि वारस नाही म्हणून ते कंपनीकडे परत आले. दत्तक नाकारून खालसा केलेल्या डलहौसीच्या संस्थानांत सातारा पहिले.

साताऱ्यात गेलात तर गेंडामाळावर जरूर जा. तिथे सप्टेंबर १८५७ मध्ये सतरा माणसांना फाशी देऊन, तोफेच्या तोंडी बांधून आणि गोळ्या घालून मारले. त्यांचा उठाव सातारच्या गादीसाठी होता. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. स्वतः रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा कुणाला सापडले नाहीत.

त्याच वर्षी जुलैच्या आरंभी, दूर बिठूरला, बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे म्हणून गादीवर बसले. सातारच्या गादीवर तेव्हा कुणी नव्हते, आणि या पेशव्यांसाठी वस्त्रे कुठूनच आली नाहीत.